उलाळ

उद्यमनगरात बोट आली तेव्हा
चहाचे ग्लास हातात घेऊन आख्खी गल्ली बाहेर.
ट्रॉलीवर बसून आलेली, चोवीस फुटी,
टोकाला चोच, अंगावर रंगवलेल्या लाल ज्वाळा.
लेथवरचा जिनपाल ओरडला,
"दस्तगीरभाई, आता विमान कधी?"

शीतल चौगुले सांगत होता:
धरणाच्या पाण्यावर थ्रॉटल दिलं की नाक आभाळात,
पुढचं काय दिसत नाही,
मग आपटती, उठती, परत आपटती,
घरी जाऊन मणके मोजून घ्यायचे.
मी म्हटलं, उलाळ झालीय.
तो बघतच राहिला. तिशीतला पोरगा,
बैलगाडी त्यानं लग्नपत्रिकेवर बघितलेली.
माल मागं जास्त पडला की जू वर उठतं,
बैलांच्या गळ्याला जुपण्या काचतात, तो उलाळ.
पुढं पडला तर धुरजड.
वडलांनी हयातभर चाकांवर धावा चढवल्या.
पाण्याचं आपल्याला काय ठाऊक नाही,
वजनाचं आहे.

दोन पट्ट्या, स्टेनलेसच्या, बिजागरीवर हलणाऱ्या,
पाठीच्या फळीला, तळाच्या काठाशी.
सरळपट्टी तळाला लावून रेषा वाढवली,
बिजागरी केसभर वर घेतली.
खाली राहिली तर पाणी तिलाच धरून ओढील.
टेप, पेन्सिल, परत माप. परत माप.
अठरा भोकं.

सुकुमार ड्रिल घेऊन उभा.
"मामा, बोटीला भोक? पाण्याखाली?"
पोटात माझ्याही कालवलं.
चाळीस वर्षं मी गळत्याच बुजवल्या,
पंपाच्या, रेडिएटरच्या, एकदा देवळाच्या टाकीची.
म्हटलं, आधी उलटं फिरव,
वरची चकाकी हळू सुटू दे, नाहीतर कपची उडंल.
मग सुलटं.
पांढरी धूळ त्याच्या ओठावर बसली,
अजून न फुटलेल्या मिशीच्या जागी.

काळं सीलंट भोकाभोकात, स्क्रूच्या गळ्याशी,
मग पंप, नळ्या, वायर, पुढं दोन बटणं.
इथं सुकुमार दुपारभर अडला,
कारण डावं नाक खाली हवं असंल
तर खाली जाती ती उजवी पट्टी.
वायर उलटी जोडलीय म्हणून त्यानं दोनदा सोडली.
मी बोललो नाही. तिसऱ्यांदा
स्वतःशीच हसला आणि होती तशी जोडली.

मला आठवत होता पूर.
आंबेवाडीतून काढलं आम्हाला,
रबरी बोटीत सतराजण, एक शेळी,
आणि मांडीवर माझा व्हाइस, सोडवला नाही म्हणून.
जवान म्हणाला, "चाचा, बाएँ सरको."
सरकलो. वीतभर.
बोट सरळ झाली.
बसल्या जागेबद्दल इतकं नेमकं
मला आधी कुणी सांगितलं नव्हतं,
नंतरही नाही.

काळम्मावाडीच्या पाण्यावर रविवारी सोडली.
पहिल्या झपाट्याला नाक उठलं,
मग बटण दाबलं असणार,
कारण ती हळूच वाकली,
दळताना बाई जात्यावर वाकती तशी,
आणि कापतच गेली.
फक्त जरा उजवीकडं कलती. शीतलचं वजन एकशेआठ.
लांबून ओरडलो, डावं नाक खाली घे!
ऐकू गेलं नसंल. पण आत सुकुमार होता.
कललेली रेषा सपाट झाली.

परत आल्यावर शीतल म्हणाला, बसा की, एक चक्कर.
नको म्हटलं.
काठावर कुणीतरी लागतंय,
सरळ हाय का बघायला.

बिलात सीलंट धरायचं राहिलं.
नखातलं अजून निघालं नाही.